मावशी, मी भित्री आहे का?

(पत्र चार पानी होतं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि मुद्द्याचं तेवढं ठेवलंय.)

"मावशी, मी वसईची, वय २८. सौदीत दम्मामला एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे, सव्वा वर्ष झालं येऊन. इथे चर्च नाही हे येण्याआधीच माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि रविवारी सकाळी उठून सरळ ड्युटीला जाणं वेगळं. गळ्यातली क्रूसाची चेन मुंबई एअरपोर्टवर काढून आईच्या हातात दिली. जपमाळ तांदळाच्या डब्यात ठेवते. शुक्रवारी हॉस्टेलमध्ये पाच-सहा मल्याळी मुली एका रूममध्ये दार लावून हळू आवाजात प्रार्थना करतात, मी कधी जाते, कधी घाबरून जातच नाही. एक सिनियर सारखी म्हणते आमच्या धर्मात ये, तुझं भलं होईल, मी हसून विषय बदलते. नाइट ड्युट्याही जास्त लागतात, एकदा पेशंटची कूस न बदलता चार्ट भरायला सांगितला होता तो मी भरला नाही म्हणून, पण ते जाऊ दे. खरं सांगायचंय ते हे की मागच्या महिन्यात आपल्याकडचा एक ड्रायव्हर ॲडमिट होता, हार्ट पार गेलेलं. माझ्या बॅजवरचं नाव वाचून त्याला कळलं असावं. मास्क बाजूला करून म्हणाला, सिस्टर, प्रे. शेजारच्या बेडला दोन स्टाफ उभ्या होत्या. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नुसता हात धरून उभी राहिले. दुसऱ्या रात्री गेले तर बेडवर नवी चादर. मावशी, मी पेत्रासारखी झाले. आई दर शुक्रवारी फोनवर विचारते मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली का, मी हो म्हणते, उगाच तिच्या जिवाला घोर नको. सोडून परत येऊ का? घराचं लोन आहे, भावाची इंजिनियरिंगची दोन वर्षं बाकी आहेत. पण इथे राहून मी देवाची राहिले नाही असं वाटतं."

बाय, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना मला तुझा थोडा रागच आला, का ते पुढे सांगते. आधी हे ऐक की मी स्वतः आखातात नर्सिंग करून आलेली बाई आहे, नव्वदच्या दशकात, तेव्हा मोबाईल नव्हते, घरचं पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. त्यामुळे तांदळाचा डबा मला सांगू नकोस, माझी जपमाळ सॅनिटरी पॅडच्या पाकिटात असायची, तिथे कुणी हात घालत नाही.

ड्रायव्हरपासून सुरू करू, कारण तुझी झोप त्यानेच उडवलीय.

पेत्राने, येशूच्या शिष्याने, येशूला पकडून नेल्यावर काय केलं ते नीट आठव. अंगणात शेकोटीपाशी त्याला विचारलं, तूही त्याच्याबरोबरचा ना, तर तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणाला. आणि तू काय केलंस? एका मरणाऱ्या माणसाने तुझ्याकडे देव मागितला आणि तू त्याचा हात धरलास. सोडला नाहीस. शब्द निघाला नाही हे खरं आहे, आणि ते तुला लागलंय हेही ठीकच आहे, लागलं नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती. पण गप्प राहणं आणि नाकारणं यात फरक आहे, तो तू पुसून टाकलास आणि स्वतःला पेत्राच्या रांगेत नेऊन उभं केलंस. आयसीयूत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं की मास्क लावलेल्या पेशंटला पाच मिनिटांची प्रार्थना नको असते गं, त्याला कळायला हवं असतं की आपण एकटे नाही. त्याच्या हाताला ते कळलं असणार.

पुढच्या वेळेसाठी मात्र एक सांगते, कारण पुढची वेळ येणार. पेशंटने स्वतःहून मागितलं तर मॉनिटरकडे बघत, ड्रिप ॲडजस्ट करत, त्याच्या कानाशी वाकून 'येशू' एवढंच म्हणायचं, दोन अक्षरं, नाहीतर त्याच्या भाषेत जे येत असेल ते. आपण एरवीही वाकून बोलतोच की, दुखतंय का, पाणी हवंय का. कुणी बघितलं तर नर्स पेशंटशी बोलतेय एवढंच दिसतं. आणि ज्याने मागितलं नाही त्याच्याशी धर्माचा विषय काढायचा नाही, कधीच नाही. तिथला कायदा म्हणून तर नाहीच, पण पलंगाला खिळलेल्या माणसापाशी आपलं काही खपवायला जाणं मला इथे वसईतसुद्धा पटत नाही.

आता सिनियरचं. ती विचारते आणि तू हसून विषय बदलतेस, म्हणून ती पुन्हा विचारते, तिला वाटतं ही तयार होतेय. अगं, तू लपलेली थोडीच आहेस? व्हिसाचे कागद भरताना धर्माच्या रकान्यात ख्रिश्चन लिहूनच गेलीस ना. तिथल्या सरकारला माहीत आहे, हॉस्पिटलला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. तेव्हा एकदाच, शांतपणे, चहा पिता पिता म्हण की मी ख्रिश्चन आहे आणि तशीच राहणार आहे, पण तुम्ही माझं भलं चिंतता त्याबद्दल थँक्यू. वाद नको, तुलना नको, तिच्या धर्माबद्दल एक अक्षर वाकडं नको. माझ्या अनुभवात असं सरळ बोललेलं तिथल्या बायकांना कळतं, कारण त्या स्वतः धर्माला धरून असतात, गुळमुळीत माणसाचीच त्यांना पंचाईत होते. माझ्या वॉर्डात एक सुदानी स्टाफ होती, ती नमाजाला जायची तेव्हा तिचे पेशंट मी बघायचे, दहा-पंधरा मिनिटं, आणि ती परत आली की म्हणायची, आता तू जा, तुझ्या देवाशी बोलून ये. मी लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या ढिगाला टेकून उभी राहायचे. पाच मिनिटांची माझी मिस्सा. तेव्हा तिथे सगळेच आपल्या वाईटावर असतात असं डोक्यात भरून घेऊ नकोस, भीतीने तसं होतं, सगळे एकाच रंगाचे दिसायला लागतात.

आणि आता माझ्या रागाचं कारण. चार पानांत तू जपमाळ कुठे ठेवतेस, चेन कधी काढलीस, शुक्रवारी कुठल्या दारापर्यंत जाऊन परत फिरलीस, सगळं बारीक लिहिलंस. आणि कूस न बदलता चार्ट भरायला सांगितला तो भरला नाही, हे एका ओळीत, वर 'ते जाऊ दे'! का जाऊ दे?

वाचणाऱ्यांपैकी जे नर्सिंगमधले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर कंबरेखाली, टाचांना, ढुंगणाच्या हाडापाशी रक्त पोचत नाही, आधी कातडी लाल होते, मग फुटते, मग हाडापर्यंत खड्डा पडतो, आम्ही बेडसोर म्हणतो. वळवायला दोघी लागतात, पेशंट शंभर किलोचा असला तर तिघी. रात्री तीन वाजता स्टाफ कमी असतो, कंबर मोडलेली असते. चार्टवर मात्र टिक करायला एक पेन पुरतं. दोन वाजता डावी कूस, चार वाजता उजवी, सहा वाजता पाठ, सगळं एका दमात सकाळी साडेसहाला भरून टाकायचं, सगळीकडे चालतं, आपल्याकडेही चालतं, मी डोळ्यांनी बघितलंय. ज्याच्या नावावर ती टिक पडते तो माणूस बेशुद्ध असतो, तो तक्रार करणार नाही, त्याच्या घरच्यांना भाषा येत नाही. म्हणजे बघणारं कोणीच नाही. आणि तू पेन खाली ठेवलंस, आणि त्याची शिक्षा म्हणून रात्री जागतेयस, आणि मला विचारतेस मी देवाची राहिले का?

हा प्रश्न मला विचारूच नकोस, त्या बेशुद्ध माणसाच्या पाठीची कातडी बघ.

आपल्या वसईचंच उदाहरण घे. गास गावात ज्याच्या नावाचं चर्च आहे तो संत गोन्सालो गार्सिया. त्याच्याबद्दल विचारलं तर आपल्याला एकच गोष्ट सांगता येते, जपानात नागासाकीला क्रूसावर मारला, ५ फेब्रुवारी १५९७, एकूण २६ जण. बरोबर आहे. पण तो चाळिशीचा होता गं तेव्हा, त्याआधीची वर्षं कुठे गेली? पोरवयात धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, त्यांच्या संघात यायचं होतं पण घेतलं नाही, मग व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादर नाही, ब्रदर. १५९३ च्या सुमाराला पुन्हा जपानला गेला तो कशासाठी, तर पेद्रो बाप्तिस्ता नावाच्या फादरांचा दुभाषी म्हणून. म्हणजे राजदरबारात मोठी माणसं बोलणार आणि हा मधे उभा राहून त्यांचं त्यांना समजावणार. आणि क्योतोत या लोकांनी गरिबांसाठी दवाखाने चालवले, कुष्ठरोगी यायचे तिथे. आता तूच सांग, कुष्ठरोग्याच्या जखमा धुण्याचं चित्र आपल्या कुठल्या चर्चच्या काचेवर बघितलंस? काचेवर क्रूस येतो, भाले येतात. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याचा हुकूम निघाला, डावा कान कापला, ऐन हिवाळ्यात क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं, ते सगळं शेवटच्या काही आठवड्यांतलं. बाकी आयुष्य दुभाष्याचं आणि वॉर्डबॉयचं होतं.

आणि त्याच्या मरणानंतरची गोष्ट तर तुझ्यासाठीच घडलीय असं मला वाटतं. १६१४ ला जपानात ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. फादर हाकलले, मारले. राहिले कोण, तर शेतकरी, कोळी, त्यांच्या बायका. नागासाकीकडे येशूच्या किंवा मरियेच्या चित्रावर पाय देऊन दाखवायला लावायचे, दिला नाही तर छळ. पुष्कळांनी पाय दिला. घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली आणि पुन्हा पोरांना गुपचूप नमो मरिये शिकवली. बुद्धाच्या पंथातली कान्नोन देवी असते, बाळ घेतलेली तिची मूर्ती देव्हाऱ्यात ठेवायची आणि मनात मरिया म्हणायचं. बाप्तिस्मा गावातलाच एक जण द्यायचा. मिस्सा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, कन्फेशन नाही, सुमारे अडीचशे वर्षं. तुझं सव्वा वर्ष झालंय, हे चिडवायला म्हणत नाही.

मग परदेशी लोकांसाठी म्हणून नागासाकीला ओउरा इथे एक चर्च बांधायला परवानगी मिळाली आणि १७ मार्च १८६५ ला उराकामी गावचे पंधराएक जण दाराशी येऊन उभे राहिले, नुसते बघायला आल्यासारखे. आतले फ्रेंच फादर पेतिजाँ वेदीपाशी गुडघ्यावर बसले तशी एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली की आमचं काळीज आणि तुमचं काळीज एकच आहे. आणि लगेच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठेय? ते चर्च कुणाच्या नावाने बांधलेलं होतं माहितीय? त्या २६ जणांच्या. म्हणजे त्यात आपल्या वसईचा पोरगाही आला. त्याला संतपद मिळून तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

ज्यांनी पाय दिला त्यांना मी शूर म्हणत नाही, आणि ज्यांनी दिला नाही आणि मेले त्यांच्यापुढे मी कोण बोलणार. पण ज्यांनी पाय दिला त्यांच्याच नातवंडांच्या नातवंडांनी १८६५ ला ते दार वाजवलं असेल की नाही? मला याचं उत्तर माहीत आहे असं मी म्हणणार नाही, विचार मात्र मी पुष्कळ केलाय, विशेषतः रात्रीच्या ड्युटीला.

बायबलमध्ये पण असा एक माणूस आहे, त्याच्यावर प्रवचन क्वचितच होतं. ओबद्या, राजे पहिले पुस्तक, अध्याय १८. अहाब राजाच्या वाड्याचा कारभारी. ईजबेल राणी देवाच्या संदेष्ट्यांना मारत सुटलेली आणि हा तिच्याच घरात नोकरीला. त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांमध्ये लपवले आणि त्यांना भाकरी-पाणी पोचवलं, तेही दुष्काळात, रोजच्या रोज, पगार राजाचाच घेऊन. आणि एलीया येऊन त्याला म्हणतो जा राजाला सांग मी आलोय, तर हा घाबरतो, स्पष्ट म्हणतो, राजा मला मारून टाकेल. एलीया आगीचा माणूस, त्याची चित्रं निघतात. ओबद्या घाबरला आणि तरी गेला. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही, तू स्वतःला का म्हणतेस?

आता व्यवहाराचं बोलू. मिस्सा चुकतेय म्हणून पाप लागतंय असं डोक्यात असेल तर काढून टाक. चर्चचा नियमच आहे की मोठ्या कारणाने मिस्साला जाणं शक्य नसेल तर ते बंधन लागू होत नाही, त्याऐवजी एकट्याने किंवा दोघाचौघांनी प्रार्थनेला वेळ द्यावा. त्या दिवसाची वाचनं फोनवर वाच, झालं. शुक्रवारच्या रूममध्ये जावंसं वाटेल तेव्हा जा, नाही वाटलं तर नको जाऊस, आपल्या रूममध्ये बस, पण आपण येतो असं सांगून अर्ध्या वाटेतून परत फिरू नकोस, त्या मुली तुझी वाट बघत बसतात आणि त्यांना दुसरीच शंका येते. फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज प्रेयर ७ वाजता' वगैरे टाकायचं नाही, गिटार नको. शौर्य दाखवायला दुसऱ्या पाच जणींची नोकरी पणाला लावायची नसते.

आणि तू दम्मामला आहेस, म्हणजे किती नशीबवान आहेस! शेजारीच खोबर, तिथून बहरीनला पूल जातो, २५ किलोमीटरचा, १९८६ पासून आहे. मनामाला सेक्रेड हार्ट चर्च १९३९ पासूनचं, आणि अवालीला २०२१ च्या डिसेंबरात मोठं कॅथेड्रल उघडलंय, अवर लेडी ऑफ अरेबियाचं. शुक्रवारीही मिस्सा असते, आखातातली चर्चेस सुट्टीच्या दिवसाप्रमाणे चालतात. तुझं एक्झिट-रीएंट्री (बाहेर जाऊन परत यायची परवानगी) आणि बहरीनचा व्हिसा दोन्ही आधी नीट विचारून घे, एचआरला विचार, कारण साधं आहे, सुट्टीत फिरायला जायचंय. वर्षातून दोनदा जरी जमलं, नाताळच्या आसपास आणि ईस्टरला, तरी कन्फेशन होईल, ख्रिस्तप्रसाद घेता येईल, मोठ्याने गाता येईल. मोठ्याने गायला मिळणं याची किंमत तुला त्या दिवशी कळेल, मी तर पहिल्या गाण्यालाच रडले होते, शेजारचा फिलिपिनो मुलगा मला टिश्यू देत बसला.

जपमाळ तांदळातून काढ, किडे लागतील. नसली जवळ तरी चालतं. उजव्या हाताची चार बोटं घे, अंगठा सोडून, प्रत्येकाला तीन पेरं, बारा होतात. पहिल्या पेरावर 'हे आमच्या स्वर्गीय बापा', मधल्या दहांवर नमो मरिये, शेवटच्यावर पित्याला गौरव. जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहाचा एक भाग, बरोबर बसतं. ग्लोव्ह्ज घातलेले असले तरी अंगठा फिरतो. मी हे कित्येक रात्री केलंय, सक्शन मशीनच्या आवाजात, कुणाला पत्ता नाही.

परत येऊ का, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही असं वाटत असेल तर चूक आहे. येऊ नकोस, निदान या कारणासाठी नको. लोन आणि भावाचं शिक्षण ही काही देवाच्या विरुद्धची कामं नाहीत. उद्या खोटा चार्ट भरल्याशिवाय नोकरीच राहणार नाही अशी वेळ आली, किंवा तुझ्याच जिवाला धोका वाटला, तर त्याच रात्री घरी फोन कर आणि काँट्रॅक्ट बघून निघायची तयारी कर, कर्ज फेडायला दुसरे रस्ते निघतात. तोवर नाइट ड्युटी कर आणि तुझ्या पेशंटांची कूस बदलत राहा. आणि हो, चार्टवर वेळ खरी लिही, दोनच्या ऐवजी अडीचला वळवलं तर अडीच लिही.

त्या ड्रायव्हरसाठी इथे मिस्सा सांगून ठेव. पहिलं नाव पुरे, आजार-बिजार काही सांगायचं नाही, पेशंटची माहिती बाहेर न्यायची नाही हे तुला मी शिकवायला नको. घरून कुणीतरी चर्चच्या ऑफिसात जाऊन चिठ्ठी देऊन येईल.

पण ते घरचं कुणीतरी म्हणजे तुझी आई, आणि तिथेच घोळ आहे. तुझ्या अख्ख्या पत्रात एकच खोटं आहे आणि ते सौदीत कुणाशी बोललेलं नाही, आईशी बोललेलं आहे. दर शुक्रवारी. शेजारणीचा मुलगा दुबईहून चर्चचे फोटो पाठवत असणार, तिथे चर्चेस आहेत, म्हणून तिला वाटतं तुझ्याकडेही असणार. सांगून टाक. ती आधी रडेल, मग तुझ्या वडिलांवर चिडेल की पोरीला पाठवलीच कशाला, मग अर्ध्या तासाने स्वतःच पुन्हा फोन करेल. तेव्हा तिला विचार की आपल्याकडे रोझरी, जपमाळेची प्रार्थना, अजून संध्याकाळी सातलाच असते का. तुझ्याकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात, नाइटला जायच्या आधी तू उठतेसच. इअरफोन लाव, तुझा माइक म्यूट ठेव, आणि तिला सांग फोन देव्हाऱ्यापाशी मेणबत्तीच्या बाजूला ठेव, पंख्याखाली नको, मागच्या वेळी माझ्या बहिणीने पंख्याखाली ठेवला होता आणि मला अख्खी रोझरी नुसती घरघर ऐकू आली.